काळ्याच शेळ्या

पहिली शेळी हरवली तेव्हा कारकूनबाईने ती वहीत लिहिली आणि विषय सोडून दिला. दुसरी हरवली तेव्हा तिने नाव, रंग, खूण असे रकाने आखले. सातवी हरवल्यावर तिने रंगाच्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि पुढ्यातला चहा तसाच गार झाला. सातही शेळ्या काळ्या होत्या.

कारकूनबाई हे तिचं घरातलं नाव. औषधांच्या गोदामात बरीच वर्षं नोंदी ठेवून ती वडिलांच्या शेतावर परत आली होती, आणि आल्या आल्या तिने साबणाच्या वड्यांपासून फाटकाच्या खिळ्यांपर्यंत सगळं लिहायला घेतलं. "श्वास किती घेतले तेही लिही," असं काका म्हणाले होते. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायचे, शेळ्या चरायला न्यायचे, धारा काढायचे. गोठ्याची किल्लीही त्यांच्याच कमरेला असायची. ती किल्ली आता वरचेवर तिच्या डोळ्यांत खुपू लागली.

या घरात शेळ्या मोजत नसत. "डोकी खाटीक मोजतो, मालक तोंडं ओळखतो," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. दिवस मावळायला कळप परतला की बाबा फाटकाशी स्टुलावर बसायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक शेळीचं नाव घ्यायचे. जिचं नाव घ्यायचं राहिलं ती आली नाही. यात त्यांची चूक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते सांगायचे आणि ती लिहायची, आतल्या खोलीत दिव्याखाली बसून. कधी एकदा फाटकाशी जाऊन उभं राहावं असं तिच्या मनातही आलं नाही. नोंद ठेवणाऱ्याने नोंद ठेवावी.

कुणी नाही आली म्हटलं की काका बॅटरी घेऊन निघायचे आणि हात हलवत परत यायचे. रक्त नाही, केस नाहीत, ओढून नेल्याची खूण नाही. आणि लांडगा काय रंग बघून शेळी निवडतो? रंग बघतं ते गिऱ्हाईक. काळ्या कातड्याला कुणीतरी चांगला भाव देत असणार, आणि माल कुठून येतो हे सांगायला ज्योतिषी नको होता. कुंपणच शेत खात होतं.

"काका, सातवी गेली," ती म्हणाली.

"गेली असेल."

"तुम्हाला शोधायची फारशी घाई दिसत नाही."

"पोरी, घाई केली म्हणून हरवलेली शेळी येते थोडीच?" एवढं बोलून ते चक्क शीळ घालत पेंड भिजवायला गेले. चोर असावा, पण त्याने निदान शीळ तरी घालू नये, असं तिला वाटलं.

त्या दिवशी जेवताना तिने बाबांना सांगून टाकलं, "शनिवारी मी काकांना जायला सांगणार आहे." बाबा भडकतील, ताट सरकवतील, अशी तिची तयारी होती. बाबा ताटात हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." सख्ख्या भावासाठी एक शब्द नाही. म्हणजे बाबांनाही ठाऊक होतं आणि ते मूग गिळून बसले होते. बरं, बाबांना झेपेनासं झालं की शेळ्या विकून सगळ्यांनी शहरात जायचं, हे ती आली त्याच दिवशी ठरलं होतं. ठरवलं तिनेच होतं. काका गेल्यावर ती वेळ दूर नव्हती.

शनिवारच्या आधी पुरावा हवा म्हणून ती दुधाकडे वळली. सात शेळ्या गेल्या, त्यातल्या पाच दुभत्या, तरी दुधाचा कॅन होता तेवढाच भरत होता. म्हणजे चोरी करून वर पाणीही घालतात! तिने डेअरीतून दूध तपासायची काचेची नळी मागून आणली. दूध निर्भेळ निघालं. चांगलं दूध बघून एवढं वाईट कुणाला वाटलं नसेल. मग हे दूध येतं कुठून? काकांनी शेळ्या कुठेतरी दडवल्या असाव्यात आणि गुपचूप धार काढून आणत असावेत. आता डोकी मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खाटीक म्हणा नाहीतर काही म्हणा.

शुक्रवारी कळप यायच्या वेळेला ती तिचा जुना काळा कोट घालून फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली. बाबा स्टुलावर, तिच्यापासून दोन हातांवर. इथे काय करतेस असं ते विचारतील म्हणून तिने उत्तर तयार ठेवलं होतं. बाबांनी विचारलं नाही. रुसले असतील, असं तिला वाटलं.

शेळ्या ढकलाढकली करत आत शिरल्या. बाबा नावं घेत होते, "चांदणी. पिवळी. बांडी." पिवळी आणि बांडीच्या मधून एक काळी शेळी गेली, डाव्या कानाचा तुकडा पडलेली. ही खूण तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती, हरवलेल्यांत, तिसरी. बाबांनी नाव घेतलं नाही. मागून आणखी एक काळी, मग अजून पाच. कळप आत गेला तेव्हा तिने मोजलेली डोकी पुरी भरली होती. एकही कमी नव्हती.

काका मागून आले. त्यांची नजर थेट तिच्यावर पडली आणि ते जागीच थांबले.

"पोर कुठाय?" बाबांनी विचारलं.

काका तिच्याकडे बघत म्हणाले, "आत असेल."

"मग सांग. आज कोण नाही दिसली मला?"

"आज राहू दे, दादा."

"राहू दे काय? उद्या ती तुला काढतेय. मी तिला सांगून टाकतो, सगळ्या आल्या म्हणून."

"न बघितलेली शेळी आली म्हणशील तू?"

बाबा हळू म्हणाले, "तेच तर जमत नाही रे. आणि दिसत नाही म्हटलं, तर ती दुसऱ्या दिवशी कळप विकेल."

"मला काढू दे. शेळ्या तर राहतील," काका म्हणाले. हे ते तिच्याकडे बघतच बोलले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. या माणसाच्या दुधात तिने नळी बुडवली होती.

तिने वही उघडली, मिटली, आणि कोटाच्या खिशात घातली.

"बाबा," ती म्हणाली, "मी पण नाही आले का आज?"

बाबा दचकले. त्यांनी मान वळवली, पण ती थोडी चुकीच्या बाजूला वळली. हात पुढे करून ते हवेत चाचपत राहिले.

"कुठे आहेस तू?"

"समोरच आहे," ती म्हणाली, आणि तो हात तिने धरला.