झुंबरबाईच्या हाताचा गुण

झुंबरबाईने पिठाचे हात पदराला पुसले आणि भाच्याने पुढे केलेला गुळगुळीत कागदांचा अंक मांडीवर घेतला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती चित्रं शोधत गेली. एका पानावर वर-खाली धावणारी रेघ होती आणि मध्येच ती सपाट झाली होती.

“हे काय रे, भुजंगा?”

“सशाचं आतडं, आत्या. कोमट खारट पाण्यात लटकवायचं. ते हललं की काजळी धरलेल्या कागदावर काटा रेघ ओढतो. इथं तुझ्या मुळीचं पाणी टाकलं. बघ, बिलकुल शांत झालं.”

भुजंग औरंगाबादच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचा. पोट, आतडी आणि त्यांच्यावरची औषधं हा त्याचा विषय. शाळेची सगळी वर्षं तो वडीगोद्रीत या आत्याकडेच राहिला होता. पोट धरून आलेली माणसं तिच्या ओट्यावरून सरळ चालत परत जाताना त्याने कितीदा तरी पाहिली होती. अंकात छापून आलेल्या या लेखावर त्याची बढती ठरणार होती, पण एसटीचे धक्के खात तो त्यासाठी आला नव्हता. आत्याने पाठीवरून हात फिरवावा, एवढंच त्याला हवं होतं.

“चांगलं केलंस,” ती म्हणाली. तिचं बोट त्या रेघेवरून मायेने फिरत होतं. मग ते थांबलं. “पण कोणती मुळी, हे लोकांला कसं कळंल?”

भुजंगने चहाची बशी तोंडाला लावली.

“नाव सांगितलंस?”

“आत्या, मराठी नाव कुठंच न्हाई. लॅटिन नाव दिलंय. ते इथं कुणाला कळतंय?”

हे वाक्य त्याने गाडीत घोळवलं होतं आणि गाडीत ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. झुंबरबाईला मूलबाळ नव्हतं. सासूकडून सुनेला असं चालत आलेलं औषध तिने भाच्याला दिलं, रविवारी, उपाशीपोटी, बांधावर नेऊन. नाव तोंडातून काढणार नाही, अशी चुलीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली होती. नाव फुटलं की हाताचा गुण जातो. पांढऱ्या कोटात असताना त्याला या शपथेचं हसू यायचं, हे खरं. पण ते लॅटिन नाव लिहिताना मात्र त्याने खोलीचं दार लावून घेतलं होतं.

“कुणाला का कळंना,” ती म्हणाली. “तुला तर कळत व्हतं ना?”

झुंबरबाईने अंक मिटून त्याच्या बॅगेवर ठेवला. तिला रडू आलं होतं, पण ते तिने त्याला दिसू दिलं नाही.

“ते झाड पोटाचं न्हाईच.”

“म्हंजे?”

“सासूबाईनं मलाबी आधी तेच दाखिवल्तं. ज्याला द्यायचं त्याचं तोंड पारखून घेत्यात. मी गप राह्यले, मंग तिनं खरं दाखिवलं. सुकल्यावर दोन्ही मुळ्या सारख्याच दिसत्यात. तुला येत्या दसऱ्याला दाखिवणार व्हते.”

“पण आतडं शांत झालं, आत्या! मी डोळ्यांनी बघितलं.”

“झालं असंल. सशाचं.”

भुजंगचा प्रयोग खोटा नव्हता, रेघही खोटी नव्हती. पण या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या पोटदुखीवर ही मुळी घेतात, असं त्याने लेखाच्या सुरुवातीलाच ठासून लिहिलं होतं, आणि ती कुणीच कधी घेतली नव्हती. हे कुणाच्याही ध्यानात येणार नव्हतं. आता ते त्याला एकट्यालाच माहीत असणार होतं.

“तू मला फसवलंस,” तो म्हणाला. “आईच्या जागी व्हतीस तू.”

“म्हणून तर लै जड गेलं, बाबा. बांधावरून येताना दर वेळी वाटायचं, आजच दाखवून टाकावं.”

बाहेर लुना थांबली. पुंजाराम नावाचा माणूस बायकोला धरून आत आला. ती कमरेत वाकली होती आणि तिच्या कपाळावर घाम होता.

“सकाळच्यान कळ मारून राह्यली, मावशी.”

भुजंग सवयीने उठला. लहानपणापासून हे काम त्याचंच. कोनाड्यातली सहाण काढून त्याने ती पाण्याने धुतली आणि आत्याच्या पुढ्यात ठेवून शेजारी बसायला गेला. झुंबरबाईने सहाण आपल्याकडे ओढून घेतली.

“डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

उभ्या जन्मात तिने त्याला तुम्ही म्हटलं नव्हतं. तो ओट्यावर आला. मागोमाग पुंजारामही आला आणि आतून दार लागलं. थोड्या वेळाने मुळी उगाळल्याचा आवाज येऊ लागला.

पुंजारामने टोपीने घाम पुसला. “न्हाई, वळखलं न्हाई,” तो म्हणाला. “तुम्ही मावशीचे कोण?”

भुजंग बूट चढवत होता. नाडी बांधून होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

“औरंगाबादहून आलोय,” तो म्हणाला.