दहावर ठेवलेला नॉब

मी एक जुना नॉब आहे. म्हणजे जुना दिसतो. माझ्यावरचे ओरखडे एका चित्रकाराने पगार घेऊन काढले आहेत. मित्रांनो, मी खरा नाहीच. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीची, म्हणजे अँपची, नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं मी एक चित्र आहे. माझं नाव गेन. गिटारचा आवाज किती फाडायचा, हे काम माझ्याकडे. शून्यावर मी सभ्य, दहावर पिसाळलेला.

माझा मालक मेटल वाजवतो, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक. सॉफ्टवेअर उघडलं त्याच दिवशी त्याने मला दहावर नेलं आणि तिथेच सोडलं. बाकीचे नॉब सुखात जगले. बासला जरा डावीकडे, ट्रेबलला जरा उजवीकडे, एवढाच त्यांचा व्यायाम. मी मात्र कायम मान वाकडी करून उभा. दहावर तारेचा सूर, तारेवर घासलेलं बोट, शेजारच्या दिव्याची गुणगुण, सगळं सारख्याच मायेने फाडावं लागतं. शेवटी सूर कुठला नि दिवा कुठला, मलाच कळेना.

एके सकाळी त्याच्या ड्रमरचा फोन आला. त्याला सगळे बुलडोझर म्हणतात.

"संध्याकाळी येतोय. आवाज भिंतीसारखा हवा, प्रत्येक फटका वेगळा. नाहीतर गिटारला माझा मामेभाऊ. त्याच्याकडे खराखुरा अँप आहे."

मालकाचं तोंड उतरलं. त्या बँडमध्ये त्याचा जीव होता. दुपारभर त्याने मला सोडून सगळ्यांना पिळलं. त्याची ताई दारात येऊन उभी राहिली.

"पत्र्यावर वाळू ओततोयस का रे?"

"मॉडर्न मेटल असंच असतं, ताई."

"मग त्या लोकांच्या ताया कशा राहतात?"

चिडून त्याने पहिलं बंद न करताच सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा उघडलं. पडद्यावर आता हुबेहूब माझ्यासारखा दुसरा गेन आला. गिटार त्याला जोडली गेली आणि तो होता चारवर. आवाज एकदम स्वच्छ, धारदार झाला. मालक मात्र मलाच खाली आणून पुन्हा वर फिरवत होता!

"आठ... नऊ... दहा! ऐकलंस? दहावरच खुलतो!"

मित्रांनो, आयुष्यातलं पहिलं कौतुक झालं, तेव्हा मी कशालाच जोडलेला नव्हतो.

मग "उगाच पसारा नको" म्हणून त्याने तो दुसरा गेन काढून टाकला. पुन्हा वाळू.

"कुणी हात लावला?" तो ओरडला. खोलीत तो आणि ताई, दोघंच होते.

"डोळे मीट आणि वाजव," ताई म्हणाली आणि माऊसने मला हळूहळू खाली आणू लागली.

"थांब! हाच! हाच आवाज!"

त्याने डोळे उघडले. मी चारवर होतो.

"चार? ताई, लोकांना तोंड कसं दाखवू?"

त्याचा हात लगेच माऊसकडे गेला. तेव्हा ताईने पडद्यावर, नेमका माझ्या तोंडावर, कागदाचा तुकडा चिकटवला.

संध्याकाळी बुलडोझरने हाताची घडी घालून सगळं ऐकलं. "मामेभावाला नको म्हणून कळवतो," तो म्हणाला. "गेन किती ठेवलास रे?"

"दहा," मालक पापणीही न लवता म्हणाला.

मित्रांनो, आवाज कानांनी लावा, डोळ्यांनी नको. आणि आमच्यापैकी कुणी कागदाखाली गुपचूप नीट काम करत असेल, तर निदान त्याचा आकडा तरी खरा सांगा.