पेपरातला पूर

पुणतांब्याच्या गोरक्ष धनवट्यांचा तीन एकर ऊस होता, आणि गेली बावीस वर्षं ते श्रीरामपूरहून निघणाऱ्या 'नदीकाठ' या छोट्या दैनिकाचे गावातले बातमीदार होते. पावसाळ्यात त्यांचा एक नेम असायचा. दुपारी घाटावर जायचं, गोदावरीचं पाणी कितव्या पायरीला आहे ते बघायचं, वरच्या धरणातून किती पाणी सोडलं ते फोनवर विचारायचं आणि चार ओळी पाठवायच्या. काठावरच्या पाण्याच्या मोटारी उचलून वर आणायच्या की राहू द्यायच्या, हे शेतकरी त्या चार ओळी वाचून ठरवत.

त्या ऑगस्टात पाणी खालून पाचव्या पायरीलाच होतं. कुणी मोटारी हलवल्या नव्हत्या. गोरक्षच्या घरी गडबड होती ती वेगळीच. त्यांची लेक निकिता पहिल्या बाळंतपणासाठी रविवारी सुप्याहून माहेरी यायची होती. तिच्या आईनं, चांगुणाबाईंनी, डिंक आणून ठेवला होता, पलंग खिडकीपाशी सरकवला होता.

गुरुवारी सकाळीच जावयाचा, करणचा, फोन आला. तो सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता.

"मामा, तुमी सगळे बरे हाय ना? घरात पाणी शिरलं का?"

"पाणी? कुठलं पाणी?"

"पुण्याच्या पेपरात पहिल्याच पानावर तुमचं गाव हाय. सगळं बुडालेलं. आई म्हणती, निकिताला आत्ता पाठवायचं न्हाई."

गोरक्षनी त्याला परोपरीनं सांगितलं. आपल्या बातमीचं कात्रण मोबाईलवर पाठवलं. पाच मिनिटांनी करणचा पुन्हा फोन आला. आवाज जरा ओशाळलेला होता.

"आईला दाखवलं. ती म्हणती, बापाला लेक आणायची घाई हाय, तो असंच लिहिनार."

गोरक्षना ते लागलं. ते तडक स्टँडवर गेले आणि पुण्याचा पेपर घेतला. 'गोदाकाठ जलमय' असा मोठा मथळा, खाली चांगला हातभर फोटो. गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी, आणि त्यातून एक बाई लुगडं खोचून, वासरू छातीशी धरून निघालेली. गोरक्ष फोटोकडे बघतच राहिले. मग तिथल्याच बाकावर बसले. फोटो त्यांनी स्वतः काढलेला होता. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात. बाई होती चांगुणा.

घरी आणून त्यांनी पेपर बायकोपुढं धरला. तिनं चष्मा लावला.

"अगं बया, ही तर मीच! आन् हे वासरू म्हंजे आपली सोनी. तिची दोन वेतं झाली की आता." तिनं फोटो जवळ घेतला, लांब धरला. "लई बारीक हुते वो मी तवा."

"तुला त्याचं पडलंय! ह्याच फोटोपायी लेक अडकून बसली."

चांगुणाबाईंचं हसू मावळलं. "मग बसलात काय? लावा फोन पुण्याला."

दोन-तीन जणांकडून फिरत फिरत फोन मनवा नावाच्या उपसंपादक मुलीकडे गेला. गोरक्षनी नाव-गाव सांगितलं आणि फोटो जुना आहे म्हणाले.

"काका, आमच्याकडे तो याच आठवड्यात कुणीतरी पाठवलेल्या फोटोंमध्ये होता," ती सावधपणे म्हणाली.

"मॅडम, त्या फोटोतलं वासरू आज माझ्या गोठ्यात दोन वेताची गाय हाय. तिला धरलेली बाई माझी मालकीन हाय. ती हितं शेजारीच उभी हाय, देऊ का फोन?"

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, "चूक माझी आहे, काका. फोटोखाली तारीख नव्हती आणि मी विचारली नाही."

भांडायची तयारी करून बसलेल्या गोरक्षचा राग उतरला. एकदा त्यांनीही जनावरांच्या लसीची तारीख चुकीची छापली होती, आणि सगळा गाव गुरं घेऊन दवाखान्यापुढं उभा राहिला होता.

"चुका आमच्या हातूनबी झाल्यात," ते म्हणाले. "पन माझी लेक पोटुशी हाय. तुमचा फोटो बघून सासरच्यांनी तिला थांबवलीय. तुमी आतल्या पानात बारीक खुलासा छापाल, तो आमच्या इहीनबाई काय वाचायच्या न्हाईत."

"आज त्याच जागेवरून फोटो काढून पाठवाल? मी संपादकांशी बोलते. पहिल्या पानाचा शब्द मात्र देत नाही."

गोरक्ष लगेच निघणार होते, पण चांगुणाबाई अडून बसल्या. "मागल्या खेपेला चिखलातली छापली. आता न्हाई." त्यांनी मोरपंखी लुगडं नेसून घेतलं. सोनीला गल्लीत आणली, तर तिनं कुणाच्या तरी दारातल्या हिरव्या घासाच्या भाऱ्यात तोंड घातलं ते काढेचना. शेजारीपाजारी जमले. अखेर कोरड्याठाक रस्त्यावर, गाय घास चावतेय आणि चांगुणाबाई तिच्या पाठीवर हात टाकून हसताहेत, असा फोटो निघाला.

शुक्रवारच्या अंकात काहीच आलं नाही. शनिवारी सकाळी गोरक्ष पेपरची गाडी यायच्या आधीच स्टँडवर होते. पहिल्या पानावर, खाली, दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते. 'गुरुवारी प्रसिद्ध केलेले छायाचित्र सहा वर्षांपूर्वीचे होते. पुणतांब्यात पाणी शिरलेले नाही. आम्ही दिलगीर आहोत.' आणि त्याखाली, 'दोन्ही छायाचित्रे : गोरक्ष धनवटे'. आजवर त्यांची प्रत्येक बातमी 'आमच्या बातमीदाराकडून' अशीच निघाली होती. ते नाव त्यांनी तीनदा वाचलं, आणि मग पाच अंक विकत घेतले.

रविवारी अकराला जीप दारात थांबली. आधी निकिता उतरली, आईच्या गळ्यात पडली. मागून विहीणबाई, राहीबाई, उतरल्या. त्यांनी चहाही घेतला नाही.

"आधी मला नदी दाखवा," त्या म्हणाल्या.

गोरक्ष त्यांना घाटावर घेऊन गेले. राहीबाईंनी कपाळावर हात आडवा धरून पाणी पाहिलं, पायऱ्या मोजल्या, मग खाली उतरून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. वर येताना त्या मधेच थांबल्या.

"पाव्हनं, तुमच्यावर इस्वास ठेवला न्हाई. मनात राग धरू नका."

"राग कसला? माझ्या घरात पोटुशी सून असती, तर मीबी नसता ठेवला."

"आमचं माहेर मुळा नदीच्या काठी हुतं," राहीबाई म्हणाल्या. "ल्हानपनी घरात पाणी शिरल्यालं बघितलंय. त्याची धास्ती अजून जात न्हाई."

गोरक्षनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यांनी हात पुढं केला आणि राहीबाई त्याला धरून उरलेल्या पायऱ्या चढल्या.

घरी पुरणाचं जेवण झालं. निकिता खिडकीपाशी पडल्या पडल्या झोपली. दोघी विहिणी ओट्यावर शेपू निवडत बसल्या. बाळंतिणीला शेपू कितव्या दिवसापासून द्यायचा यावर त्यांचा बराच वेळ वाद चालला, आणि दोघींचे आवाज हळूहळू मोकळे होत गेले. राहीबाई एका दिवसासाठी म्हणून आल्या होत्या, त्या गुरुवारपर्यंत राहिल्या.