झाकणावरचं सील

राष्ट्राध्यक्षांच्या सरकारी निवासात मुख्य स्वयंपाकीण म्हणून रुजू होऊन ताईंना तीन आठवडे झाले होते, आणि रोज ताटं अर्धीच परत येत होती. चवीत खोट नव्हती. खोट होती ती नियमात. प्रत्येक पदार्थ आधी तपासणी अधिकारी चाखणार, मग अर्धा तास वाट बघणार, आणि त्यांना काही झालं नाही तरच तो वर जाणार. तोवर सगळं गार. स्वयंपाकघरात त्या अधिकाऱ्यांचं नावच 'अर्धा तास' पडलं होतं.

आधीचे दोन आचारी या ताटांपायीच घरी गेले होते. व्यवस्थापकांनी ताईंनाही शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. त्यात ट्रक थांब्यावर खाणावळ चालवणारा थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "माझा ड्रायव्हरसुद्धा कोमट सूप परत पाठवतो गं." ताईंना ते असं झोंबलं की त्यांनी फोनच ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी त्यांनी 'अर्धा तास' यांना गाठलं.

"सूप वाटीतलं नको, पातेल्यातलंच चाखा. मग झाकणाला तुमचं सील लावा आणि पातेलं आचेवरच राहू द्या."

"म्हणजे मी इथंच उभं राहायचं?"

"मीही उभी राहते. हात मागे बांधून."

"आणि उतू गेलं तर?"

"तर संध्याकाळची वाट न बघता मी आत्ताच नोकरी सोडून जाते."

त्यांनी चाखलं, सील लावलं आणि घड्याळ बघितलं.

ताईंनी हे घरी नऊ वेळा करून बघितलं होतं. सहा वेळा सूप करपलं होतं. आज विसाव्या मिनिटाला झाकण खडखडू लागलं. आच कमी करायला हात शिवशिवत होते, पण त्यांनी मागे गुंफलेली बोटं सोडली नाहीत. हळूहळू झाकण शांत झालं. वेळ भरताच पातेलं तसंच वर गेलं आणि जेवणाच्या टेबलाशेजारीच सील फोडलं गेलं.

दहा मिनिटांत व्यवस्थापक धावत खाली आले. "अध्यक्षांची जीभ भाजली. डॉक्टर वर गेलेत. लेखी खुलासा द्या."

ताईंनी कागद ओढला आणि लिहिलं: 'सूप गरम होतं.' खाली सही ठोकली.

तेवढ्यात वाढपी रिकामं भांडं घेऊन आला. पावानं पुसून काढल्यासारखं ते लख्ख होतं.

"अध्यक्ष म्हणाले, इथल्या अकरा वर्षांत फुंकर घालायची सवयच गेली. उद्याही असंच पाठवा म्हणाले."

व्यवस्थापकांनी खुलाशासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. 'अर्धा तास' यांनी मात्र तो कागद उचलला, दोनदा वाचला आणि ताईंच्या सहीखाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली.