धाकट्याच्या वतीने

स्टीलचा जग धाकट्याच्या तोंडावर बसला तेव्हा दात तुटल्याचा आवाज सगळ्या सभागृहाने ऐकला. थोरल्याने जग पुन्हा हाणला. आणखी एकदा. मग चौघांनी मिळून त्याला मागे ओढलं. धाकटा टेबलाखाली रक्त थुंकत होता.

बैठक होती ती कातडी कमावणाऱ्या कारखान्यांनी नदीत कसलं पाणी सोडायचं, त्याचा नियम ठरवायची. सगळ्यांना विचारून, सगळ्यांच्या संमतीने. एकाचाही विरोध असला तर नियम नाही, आणि नियम नाही तोवर कारखान्यांना टाळं. म्हणून मालक बोलावले, व्यापारी बोलावले, कामगारांतर्फे थोरला आणि नदीवर कपडे धुणाऱ्यांतर्फे धाकटा. एका आईची दोन लेकरं समोरासमोर बसवायची आणि वर बैठक चालवणाऱ्या बाईंनी म्हणायचं, मोकळेपणाने बोला. बोलले की मग!

धाकटा म्हणाला, त्या पाण्याने माझ्या पोरीच्या हातांची सालं निघतात, नियम कडकच हवा. थोरला म्हणाला, कडक केलात तर कारखाना बंद, आमच्या पोटावर पाय. एवढ्यावर निभावलं असतं. पण धाकट्याने सरळ त्याच्याकडे बघितलं.

"दादा, तिचे हात बघून घरी काय म्हणालास, ते सांग की इथं."

पाणी आमचंच आहे, आमच्या कारखान्याचं, असं म्हणाला होता तो. पण ते घरात. इथे, मालकासमोर? थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली आणि जग हाताला लागला.

धाकट्याला दवाखान्यात नेलं. जबडा मोडला, म्हणे. फरशी पुसून झाली, चहा आला, आणि बाईंनी चाचरत विचारलं, सैल नियमाला आता कोणाचा विरोध नाही ना? मालकांच्या जिवात जीव आला. थोरल्याच्या पाळीतले कामगार दारातून त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. बघतील नाहीतर काय, गडी त्यांच्यासाठी सख्ख्या भावावर उठला होता. त्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो उठून धाकट्याच्या खुर्चीत बसला.

"विरोध आहे. माझ्या भावाचा. त्याला बोलता येत नाही, म्हणून मी बोलतोय. पाणी आमचंच आहे. पोरीचे हात मी बघितलेत."

नियम झाला नाही. मालक कागद गोळा करून निघून गेले. बाहेर पाळीतले लोक बाह्या सरसावून उभे राहिले, एकाने खुर्चीचा पाय मोडून हातात घेतला. बाईंनी घाईने दार लावून घेतलं आणि मागच्या दाराने जा म्हणाल्या.

थोरल्याने चष्मा काढला, पुसून खिशात ठेवला आणि पुढच्या दाराची कडी काढली.