डाव्या पायाचं काम

रस्त्यात बंद पडलेल्या लॉऱ्या ओढून आणायच्या धंद्यात उस्ताद म्हणवून घ्यायचं असेल तर एक गोष्ट यावी लागते. चढावर, मागे भरलेली लॉरी लटकत असताना, ब्रेकला पाय न लावता नुसत्या क्लचवर ट्रक धरून दाखवायचा. ना पुढे, ना मागे. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. उस्तादनेच तो केला होता, आणि त्याच्या यार्डात त्या परीक्षेत आजवर तो एकटाच पास झाला होता. शिकणाऱ्याचा पाय ब्रेककडे सरकला की तो म्हणायचा, "ब्रेक थांबलेल्यांसाठी असतो. आपण थांबलोय का? आपण धरलंय." ऐकायला झकास. त्यापायी किती क्लचप्लेटा जळाल्या, ते मात्र कुणी विचारायचं नाही.

यार्ड वडिलांचं. वडील गेल्यावर स्टिअरिंग थोरल्याच्या, म्हणजे उस्तादच्या हाती आलं आणि उरलेलं सगळं, म्हणजे फोन, गिऱ्हाइकांची रडगाणी, विमेवाल्यांची कटकट आणि माणसांचे पगार, धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडलं. ड्रायव्हर तिला ताई म्हणत. ती उस्तादला दादा म्हणे, आणि उस्ताद रागात नसला तर तिला छोटे म्हणे. छोटीचे केस पांढरे झाले होते, पण थोरल्यांना असलं काही दिसत नसतं.

उस्तादचा डावा गुडघा गेल्या वर्षी कामातून गेला. जुन्या ट्रकचा क्लच म्हणजे दगड. गर्दीत दर चार पावलांवर तो दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. संध्याकाळी घरी आला की मोरीचं दार लावून तो दोन्ही मुठींनी गुडघा चेपत बसे आणि दात-ओठ खाई. बायकोने विचारलं तर सांगे, बूट चावतोय. केबिनची पायरी चढण्याआधी एकदा दम घ्यावा लागे, म्हणून त्याने टायर तपासायची नवी सवय लावून घेतली होती. चारही बाजूंनी फिरायचं, दोन टायरांना लाथा घालायच्या, मग चढायचं. त्या ट्रकच्या टायरांची इतकी काळजी त्याच्या जन्मात कुणी घेतली नव्हती.

आणि अशात जुन्या ट्रकच्या इंजिनाने मान टाकली. नवा घ्यायचं ठरलं, आणि बहिणीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "या खेपेला ऑटोमॅटिक."

उस्तादच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "का? आमचे हातपाय मोडलेत का?"

"क्लचप्लेटा बदलून मी दमले, दादा," ती म्हणाली. एवढंच.

खरं तर त्या क्षणी त्याचा गुडघा आतल्या आत सुखावला होता. हे कळलं आणि उस्तादला स्वतःचीच चीड आली. मग ती चीड कुणावर तरी काढायला हवी. ती निघाली बहिणीने बोलावलेल्या गिअरबॉक्सवाल्यावर.

गिअरबॉक्सवाला किडकिडीत, मृदू बोलणारा माणूस होता. ऑफिसच्या टेबलाशी बसून त्याने नीट समजावलं. ऑटोमॅटिक म्हणून जे विकतात त्यात दोन जाती. एकात क्लच असतोच, फक्त तो पायाऐवजी मशीन दाबतं. हा डिझेल कमी पितो, लांबच्या सरळ रस्त्याला उत्तम. दुसऱ्यात क्लच नाहीच. इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जाते. हा थोडा जास्त पितो, पण मोठं ओझं लटकवून मुंगीच्या पावलांनी चढ चढायचा असेल तर याच्यासारखा नाही.

"मशीनचा क्लच चढावर तापेल?" बहिणीने विचारलं.

"तुमच्या कामात तापणार."

"आणि तेलवाल्यावर मागची ओढायची विंच चालेल?"

"चालेल. जोडणी करून देतो."

"गाडी थांबवून पुन्हा उचलताना मागे घरंगळेल का?"

ती असे प्रश्न विचारत होती आणि उस्ताद खुर्चीत रेलून मधे मधे पिंका टाकत होता. "यात झोपायची सोय आहे का?" "ड्रायव्हर घ्यावा लागतो की तोही सोबत मिळतो?" ड्रायव्हर लोक हसत होते. गिअरबॉक्सवालाही हसला, कारण धंदा करायचा तर हसावं लागतं. बहीण हसली नाही. तिने तेलवाला ठरवला आणि पक्कं करण्याआधी आठवडाभर वापरून बघायला मागितला. गिअरबॉक्सवाल्याने त्याच्या स्वतःच्या मालकीचा, तोच गिअरबॉक्स बसवलेला ट्रक आणून उभा केला आणि किल्ली उस्तादच्या हाती देताना बजावलं, "फक्त एक सांभाळा. चढावर थांबायचं तर ब्रेक लावा. अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका. तेल उकळेल, आणि मग गिअरबॉक्स मेला."

उस्तादने हे नीट ऐकलं होतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे तो स्वतःपाशी हजार सबबी सांगणार होता, पण ऐकलं नव्हतं असं त्याला कधीच म्हणता येणार नव्हतं.

पहिलीच वर्दी खाणीच्या चढाची आली. खडीने भरलेली लॉरी मधेच बंद पडली होती. उस्ताद निघाला, सोबत लंबू. लंबू म्हणजे यार्डातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बडबड्या ड्रायव्हर, उस्तादच्याच हाताखाली तयार झालेला. गावातली गर्दी लागली, ट्रक थांबला, सुटला, थांबला, आणि उस्तादच्या लक्षात आलं की आपला डावा पाय नुसता पडून आहे. त्याला कामच नाही. गुडघा चकार शब्द बोलला नाही. वर्षभरात पहिल्यांदा ठणका न लागता तो इतका लांब आला. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने चक्क शीळ घातली.

लॉरी अडकवली, उचलली, चढ सुरू झाला. ट्रकने ती अशी ओढली जणू रिकामी हातगाडी. लंबू खूष होऊन म्हणाला, "उस्ताद, काय मशीन आहे हो. हे तर माझी आजीपण चालवेल."

शीळ तिथेच बंद पडली.

लंबूच्या मनात काही नव्हतं. पण उस्तादला वाटलं, झालं, आता आपण आणि लंबूची आजी एकाच पंगतीला. उभा जन्म ज्या डाव्या पायावर काढला, ज्याच्यासाठी दहा गावचे लोक उस्ताद म्हणून हाक मारतात, त्या पायाची गरजच नाही? मग आपली तरी काय गरज आहे? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अजून धड जळलाही नव्हता.

"उतर," तो लंबूला म्हणाला. "मागे जाऊन साखळी बघ. आवाज येतोय."

आवाज कसलाही येत नव्हता. लंबू उतरला, मागे गेला, वाकून साखळीची एकेक कडी बघू लागला. उस्तादने ऐन चढावर ट्रक धरला. ब्रेकवर नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर. ना पुढे, ना मागे. इंजिन घुमत राहिलं. तापमानाचा काटा चढू लागला आणि तो त्या काट्याकडे बघत राहिला. पाय काढायला वेळ भरपूर होता. लाल दिवा लागला. तरी त्याने पाय काढला नाही. मग करपलेल्या तेलाचा वास केबिनमध्ये शिरला, गाडीला एक घाणेरडा हिसका बसला, आणि तेव्हा कुठे त्याने ब्रेक दाबला.

"बघितलंस?" धावत आलेल्या लंबूला तो म्हणाला. "एक चढ झेपला नाही तुझ्या आजीला."

त्याच ट्रकला ओढून न्यायला दुसऱ्या यार्डाचा ट्रक बोलवावा लागला. उस्ताद त्या ड्रायव्हरशी हसून खिदळून बोलला, गिअरबॉक्सच्या नावाने बोटं मोडली, आणि यार्डात उतरल्यावर पुन्हा सगळी गोष्ट रंगवून सांगितली. बहिणीने मधे एकही प्रश्न विचारला नाही. भाऊ म्हणाला चढावर तापलं, म्हणजे तापलं. तिने फोन उचलला आणि गिअरबॉक्सवाल्याला बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि शर्टाच्या बाह्या वर करून ट्रकखाली शिरला. उस्ताद जवळच उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं, त्याला तिथून हलवेना. काळंठिक्कर तेल भांड्यात उतरलं. गिअरबॉक्सवाला बाहेर आला, बोटाला लागलेलं तेल बघत बराच वेळ उकिडवा बसून राहिला, आणि मग आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, "वाईट वाटतं ते त्या माणसाचं."

"कोणत्या माणसाचं?"

"तुमच्यात कुणीतरी आहे ना, डावा गुडघा गेलेला. तुम्हाला ठाऊक असेल. ताई मला आधीच येऊन भेटल्या होत्या. म्हणाल्या, आमच्या एका माणसाला क्लच दाबवत नाही, त्याला झेपेल असं काहीतरी द्या. डिझेल-बिझेल नंतर बघू."

उस्तादने भांड्यातल्या तेलाकडे नजर वळवली.

"मी म्हटलं बटणांचा घ्या, लगेच मिळेल. तर नाही. हाताशी गिअरचा दांडाच हवा. त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल. म्हणाल्या, तो माणूस मानी आहे. बटणं दाबायला लावली तर उद्यापासून कामाला यायचा नाही, दांड्यावर हात राहिला की त्याला बरं वाटेल. मी थट्टेनं म्हटलं, ड्रायव्हरचे एवढे लाड? तर म्हणाल्या, गाडी चालवायला मी त्याच्याकडूनच शिकले." गिअरबॉक्सवाल्याने बोट फडक्याला पुसलं. "पण आमचं माप चुकलं. तेल थंड करायचा कूलर मोठा घ्यायला हवा होता. मीच कमी पडलो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाचलेलं असतं, ऐकलेलं असतं. उस्तादला वाटलं, धरणी राहू दे, निदान या माणसाने 'मीच कमी पडलो' हे तरी बोलू नये. त्याला लाज वाटली. गुडघ्याची वाटायची तशी नाही. ती लाज चिडकी होती, ती लपवता यायची. ही कानशिलं जाळत होती आणि तिला लपायला जागा नव्हती. आपण टेबलाशी बसून थट्टा करत होतो तेव्हा बहीण काय काय विचारत होती, ते त्याला एकेक आठवू लागलं. प्रत्येक प्रश्न त्याच्या गुडघ्यासाठी विचारला होता.

तेवढ्यात ती ऑफिसातून बाहेर आली. लंबू आणि बाकीचे ड्रायव्हरही गोळा झाले. गिअरबॉक्सवाला उठून उभा राहिला आणि सगळ्यांदेखत मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी, ताई. माझा अंदाज चुकला. ट्रक मी घेऊन जातो."

"असू द्या," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "दादा पहिल्यापासून सांगत होता, मीच ऐकलं नाही. मी साधाच मागवते. क्लचवाला."

आता गप्प बसलं की काम झालं. उस्तादचा शब्द राहील, उस्तादची पत राहील, आणि दगडासारखा नवा क्लच येईल. सहा महिन्यांत पाय कायमचा जाईल, पण जाईल तो उस्तादचा पाय म्हणून. त्याने बघितलं, गिअरबॉक्सवाला आपली हत्यारं एकेक पुसून पेटीत ठेवत होता आणि कुणाकडे वर बघत नव्हता.

"थांब, छोटे," उस्ताद म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "यांचं माप बरोबर आहे. कूलर पण बरोबर आहे. मी जाळला. ब्रेक न लावता चढावर धरून ठेवला. लंबूला खोटं सांगून खाली उतरवलं आणि वास येईपर्यंत धरला. मुद्दाम."

आता अर्धं बोललोच आहोत तर उरलेलंही बोलून टाकावं म्हणून त्याने डोळे मिटले आणि वर्षभर दाराआड चेपलेलं ते बाहेर काढलं. "आणि माझा डावा गुडघा गेलाय. क्लच दाबवत नाही मला."

तो वाट बघत राहिला. हसतील, कुजबुजतील, काहीतरी करतील.

"ते माहीत आहे, उस्ताद," लंबू हळूच म्हणाला. "लांबची वर्दी आली की आम्ही उगाच का पुढे पळतो?"

उस्तादने डोळे उघडले. इतके दिवस त्याला वाटत होतं की पोरं आता कुठे कामाला लागली, आपल्या शिकवण्याला फळ आलं. एकजण टायरांकडे बघत होता, दुसरा स्वतःच्या बुटांकडे. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

बहीण बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"गुडघ्याचं सगळ्या यार्डाला माहीत होतं, दादा," ती म्हणाली. "हे मुद्दाम जाळल्याचं मात्र तुझ्याबद्दल कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला यार्डातून हाकलून दिलं असतं."

मग ती गिअरबॉक्सवाल्याकडे वळली आणि तिने हात जोडले. "मी तुमची माफी मागते."

उस्तादने तोंड उघडलं. माफी मागायची होती ती त्याला. पण फोन, पगार, विमेवाले, तसंच हेही तिने आधीच उरकून टाकलं होतं. गिअरबॉक्सवाला संकोचून म्हणाला, "जाऊ द्या ताई, होतं असं कधी कधी." शेजाऱ्याची काच फोडलेल्या पोराच्या आईशी बोलतात, त्या आवाजात. आणि साठीला टेकलेला उस्ताद तिच्या पाठीमागे उभा होता.