कुलूपबंद खोलीतले ठोके

माझ्या रुंद तोंडाच्या कडेवर एक गडद पट्टा आहे, बोटाच्या पेरापेक्षाही अरुंद. बाकीचे लाकूड तपकिरी, हा पट्टा मात्र जवळजवळ काळा. रंग कोणी लावलेला नाही. अनेक पोटांचा घाम आणि खोबरेल तेल लाकडात मुरत गेले, की अशी छटा येते.

मित्रांनो, मी एक जुना फीटोस्कोप आहे. माझे रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवायचे, वरच्या चकतीला कान लावायचा आणि आतल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचे. एवढेच माझे काम. चाकूरच्या बायका मला ‘नरसाळं’ म्हणत.

निलंग्याच्या संगप्पांनी मला शिसवीच्या तुकड्यातून घडवले. ते पलंगाचे पाय करत. त्यांच्या सुनेचे बाळंतपण करणाऱ्या चाकूरच्या डॉक्टर राजश्रींनी आपल्या तडकलेल्या फीटोस्कोपचे माप त्यांना दिले होते. मला हातात फिरवत संगप्पा म्हणाले, “बाई, जल्मभर पाय केले. कान पैल्यांदाच करून राहिलो.”

मला वापरण्याचा एक नियम आहे. ऐकताना मला हाताने धरायचे नसते. पोट आणि कान यांच्यामध्ये मी आपोआप तोलून राहतो. कोणी घाबरून मला घट्ट धरले, तर त्याच्या हाताचाच आवाज ऐकू येतो, बाळाचा येत नाही.

राजश्रीबाईंची एक रीत होती. आपले ऐकून झाले, की त्या बाळाच्या आजीला जवळ बोलावत. पुनमच्या वेळी तिची सासू साखराबाई वाकली, तिने कान लावला आणि ओरडली, “अगं माय! घोडं पळून राहिलंय की आत!”

“आत्या, हळू,” पुनम म्हणाली. “तुमच्या डोक्याचं वजन बाळापेक्षा जास्त हाय.”

सगळी खोली हसली. त्या खोलीतले ते शेवटचे हसू.

दुपारी पुनमला मुलगी झाली. मुलगी रडली. पुनमने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “मला दम लागून राहिला.” पुढचे फार भराभर झाले. बाळाभोवतीचे पाणी क्वचित आईच्या रक्तात शिरते. ते कोणामध्ये शिरेल, हे आधी सांगता येत नाही. शिरले की मोठमोठ्या दवाखान्यांतही आई हाती लागेलच असे नसते. राजश्रीबाई आणि भूल देणारे डॉक्टर सर्वेश यांचे हात बराच वेळ थांबले नाहीत. धावपळीत मी कलंडून पुनमच्या दंडाला टेकलो होतो. मला तिची नाडी ऐकू येत होती. एखादे माणूस काळोख्या जिन्यावरून खाली उतरत जावे, तशी ती दूर दूर गेली. मग पायऱ्या संपल्या.

बाहेर जाऊन राजश्रीबाईंनी साखराबाईंचे दोन्ही हात धरले. “मावशी, मला माफ करा. मी पुनमला वाचवू शकले नाही.”

दुःखात माणूस जे बोलतो, ते त्या बोलल्या. पण साखराबाईंचा पुतण्या महांतेश शेजारी उभा होता. “ऐकलं ना सगळ्यांनी? बाईनं कबूल केलं!” तो म्हणाला. दवाखान्याची काच फुटली. पोलीस आले. तक्रारीत ते वाक्य सर्वांत वर लिहिले गेले. मग राजश्रीबाईंचे वकील शेषेराव त्यांना म्हणाले, “त्या घराशी यापुढं एक शब्द बोलायचा नाही. काय झालं ते सांगायलासुद्धा जाऊ नका. तुमचं वाक्य तुमच्यावरच उलटतं.”

बाई गप्प झाल्या. बाळंतपणाच्या खोलीला कुलूप लागले. त्याआधी कुसुम सिस्टरने मला पुसून भिंतीतल्या कडप्प्याच्या फळीवर आडवे ठेवले. माझे तोंड भिंतीला चिकटले.

मित्रांनो, बंद खोली शांत असते, असे तुम्हाला वाटत असेल. पहिल्या उन्हाळ्यात भर दुपारी मला ठोके ऐकू आले. लहान, वेगवान, घोड्याच्या टापांसारखे. खोलीत कोणी नव्हते. टेबलावरच्या रेक्झीनवर धूळ होती आणि धुळीवर कोणाचाही हात उमटलेला नव्हता. ठोके थोडा वेळ माझ्या लाकडात घुमले. मग बाहेर गाडीचे दार लागले आणि ते विरून गेले.

नंतर मला उलगडले. भिंतीच्या पलीकडे बाक आहे. कळा सुरू झालेल्या बायका तिथे पोट भिंतीकडे करून आडव्या होतात. आणि राजश्रीबाई प्रत्येकीच्या घरच्यांना एकच वाक्य सांगतात, “लातूरला घेऊन जा.” अवघड बाळंतपण असो की सोपे, वाक्य तेच. बाळ भिंतीपर्यंत येते, मला ऐकू येते आणि निघून जाते. पुढे त्याचे काय झाले, ते मला कधीच कळत नाही. गाडी गेल्यावरही काही ठोके माझ्यात राहिल्यासारखे वाटतात. अशा वेळी मी मोजायला घाबरतो. त्यांत एखादा जिना उतरणारा असेल तर?

एके दिवशी त्याच बाकावर सर्वेश आणि राजश्रीबाई बोलत बसले होते.

“तू आता डॉक्टर नाहीस, बसस्टँडवरची चौकशीची खिडकी झालीस,” सर्वेश म्हणाले. “विचारलं की फक्त लातूर!”

बाई हसल्या नाहीत. “ज्यानं हलगर्जी केली, त्याला शिक्षा व्हावीच. मी केली असेल तर मलाही व्हावी. पण ती केली की नाही, हे त्यातलं कळणाऱ्या त्रयस्थ लोकांनी आधी तपासावं, लवकर तपासावं. गेलेल्या बाईच्या घरच्यांना मदत हवी असेल, तर ती मिळायला कुणीतरी गुन्हेगार ठरेपर्यंत का थांबायचं? आणि मी माफी मागितली, तर तिला कबुली धरू नये, एवढा तरी कायदा हवा. सर्वेश, मला त्या माउलीला सांगायचंय काय झालं ते. आणि मला तोंड उघडता येत नाही.”

मित्रांनो, मी कायदा शिकलेलो नाही. पण भीतीने घट्ट धरले की काय ऐकू येते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही मोठे होऊन नियम लिहाल, तेव्हा हलगर्जी डॉक्टरांना जरूर धरा. पण प्रामाणिक डॉक्टरांना ऐकण्यापुरते मोकळे सोडा. नाहीतर कुलुपे वाढतील आणि भिंतीपलीकडचे ठोके जीपमधून दूर जात राहतील.

आज दुपारी पुन्हा ठोके आले. त्यांच्याबरोबर आलेला आवाज ओळखीचा होता.

“बाई, ही माझी लेक, उज्वला. कळा लई जवळ आल्यात.”

साखराबाई होत्या. मग राजश्रीबाईंचा आवाज आला, सपाट. “लातूरला घेऊन जा, मावशी.”

“जीप उभीच हाय. पण पोरगी वाटेतच मोकळी व्हईल बघा.” साखराबाई थांबल्या. “पुनमची ऋतुजा आता शाळंत जाती. मला इचारती, माझी आई कशानं गेली? काय सांगू? तुम्ही माफी मागितली, मला वाटलं तुमच्याच हातानं गेली. मग तुम्ही गप्प. गप्प माणूस चुकलेलंच वाटतं, बाई.”

उज्वला कण्हली. तिच्या बाळाचे ठोके त्या कळेत मंदावले. मी वाट पाहिली. पायऱ्या, पायऱ्या. मग ते पुन्हा वेगाने वर आले.

“बाई, वकील काय म्हणले होते...” कुसुम सिस्टर हळूच म्हणाली.

बाहेर जीपचे इंजिन सुरू झाले. त्या घरघरीतून राजश्रीबाईंचा आवाज आला. तो भिंतीतून येऊन माझ्या तोंडात शिरला, अगदी स्पष्ट, मध्ये कोणाचाही हात नसल्यासारखा.

“मावशी, पुनम कशानं गेली, ते मी आज तुम्हाला सगळं सांगणार आहे. आधी हिला मोकळी करू. कुसुम, कुलूप काढ.”